झेनॉन बसवल्यापासून समोरचे डिपर मारतात आणि फोकस कितीही सेट केला तरी बसत नाही? हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमाने येते. गाडीच्या हेडलाईटला झेनॉनचं किट (हॅलोजन बल्बच्या जागी बसणारे जास्त तेजाचे दिवे) बसवलं, पहिल्या रात्री रस्ता पांढराशुभ्र दिसला, मन खूश झालं. दुसऱ्या दिवसापासून समोरून येणारा जो तो डिपर मारायला लागला, आपला लाईट लो बीमवर, म्हणजे खालच्या झोतावर असूनही. गॅरेजमध्ये जाऊन फोकस खाली करून घेतला. डिपर कमी झाले, पण आता वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे काळोख. म्हणून फोकस परत जरा वर. परत डिपर. असं दोन-चार वेळा झालं की माणूस वैतागतो आणि म्हणतो, लोकांना सवयच लागलीय डिपर मारायची.

सवय नसते, त्यांना खरोखर दिसत नसतं. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारसायकलवरून बायको-पोराला घेऊन येणारा माणूस, हेल्मेटच्या काचेला चरे पडलेले, आणि समोर तुमचे दोन दिवे. त्या दिव्यांच्या अलीकडचा रस्ता, त्यातला खड्डा, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली, यातलं काहीच त्याला दिसत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हंगामात रात्री गाडी चालवलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. म्हणून हा प्रश्न नुसता तुमच्या डोक्याला ताप म्हणून सोडवायचा नाही.

पुढचं सगळं मुख्यतः एच४ बल्बच्या, म्हणजे लो बीम आणि अप्पर (वरचा, लांबचा झोत) एकाच बल्बमधून देणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत आणि जीपांत हाच बल्ब असतो आणि सगळ्यात जास्त घोळ त्याच गाड्यांत होतो.

स्क्रूला हात लावण्याआधी भिंत बघा

फोकसचा स्क्रू एकच काम करतो: दिव्यातून पडणारं प्रकाशाचं चित्र जसंच्या तसं वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवतो. चित्रच फाटलेलं असेल तर ते कुठेही सरकवा, फाटलेलंच राहणार. त्यामुळे पहिला प्रश्न फोकस वर आहे की खाली हा नाही. पहिला प्रश्न आहे, तुमच्या लो बीमला कटऑफ, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातली स्पष्ट रेघ, आहे का?

रात्री गाडी एखाद्या फिक्या रंगाच्या भिंतीपासून पाचेक मीटरवर उभी करा, लो बीम लावा. एका दिव्यापुढे कोणालातरी पुठ्ठा धरायला सांगा आणि दुसऱ्याचं चित्र एकट्याने बघा. मूळ हॅलोजन बल्ब असलेल्या धड दिव्याचं चित्र असं दिसतं: वर अंधार, खाली उजेड, मध्ये रेघ. उजवीकडे ही रेघ सपाट असते, मधोमध तिला कोपर येतं आणि डावीकडे ती तिरकी वर चढते किंवा पायरीसारखी उचलते. आपण डावीकडून गाडी चालवतो. उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत आणि डाव्या कडेचा चालणारा माणूस, सायकल, दगड लांबून दिसावा म्हणून ही रचना.

आता तुमचं चित्र बघा. रेघेच्या वरही भिंत उजळलेली आहे, मधूनच तेजस्वी ठिपके किंवा पट्टे वर गेलेत, कंपाउंडमधल्या झाडाचा शेंडाही लख्ख दिसतोय, रेघ कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही: असं असेल तर फोकस सेट करण्यासारखं काही शिल्लकच नाही. गॅरेजवाला कितीही कुशल असला तरी त्याच्या हातात इलाज नाही, त्याला बोल लावू नका.

दुसरी तपासणी कायद्यातच दिलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ क्रमांकाचा नियम सांगतो की दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असावा. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू नये. टेप घेऊन नेमकं त्या जागी उभे राहा. क्षणभरच बघा, टक लावू नका. डोळे मिटावेसे वाटले तर उत्तर मिळालं.

रेघ का मोडते

एच४ बल्बच्या काचेत दोन फिलामेंट असतात, ६० वॅटचं अप्परसाठी आणि ५५ वॅटचं लो बीमसाठी. जुना बल्ब हातात घेऊन निरखा. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी दिसेल. सगळी किमया तिची आहे. वाटीमुळे लो बीमचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या, म्हणजे दिव्यातल्या चकचकीत आरशाच्या, फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून परतून रस्त्याकडे खाली जातो. तोच प्रकाश खालच्या भागावर पडला असता तर उलटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. भिंतीवरची रेघ म्हणजे या वाटीच्या कडेचीच सावली. अप्परच्या फिलामेंटला वाटी नसते, ते पूर्ण रिफ्लेक्टर वापरतं. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोन या दोन तारांच्या जागा धरून काढलेला असतो. प्रकाश देणारी वस्तू एखाद मिलिमीटर सरकली तरी रेघ विस्कटते.

झेनॉनमध्ये तारच नाही. काचेच्या छोट्या कुपीत दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यामध्ये साधारण चार मिलिमीटर लांबीची, मध्यभागी किंचित वर उचललेली प्रकाशाची कमान पेटते. फिलामेंट सगळीकडे सारखं तापतं. कमानीचं तेज मात्र दोन टोकांशी साठलेलं असतं. किटवाले कुपीखाली वाटीची नक्कल बसवतात, पण कमानीची जागा आणि वाटीची कड यांचा मेळ मूळ बल्बसारखा जमत नाही. एकाच डब्यातल्या दोन बल्बांतही तो वेगवेगळा निघतो. त्यात एच४ साठीच्या किटमध्ये कुपी एकच असते. लो आणि अप्पर बदलताना एक छोटं विद्युतचुंबक तिला पुढे-मागे ओढतं. बटण बदलल्यावर येणारा ‘टक’ आवाज त्याचाच. धुळीने, गंजाने किंवा कमी करंटमुळे ती अर्ध्यावर अडकली की तुमचा लो बीम कायमचा अर्धा अप्पर होतो. काल नीट असलेला दिवा आज अचानक लोकांच्या डोळ्यांत जायला लागला तर आधी हे बघा.

आणि हे सगळं प्रकाश जास्त असताना घडतं. एच४ चं लो फिलामेंट साधारण १,००० ल्युमेन देतं, डी२एस जातीचा ३५ वॅटचा झेनॉन ३,२०० च्या आसपास. भरकटणारा प्रकाशही त्याच पटीत वाढतो.

मग गाडीवाल्याला स्वतःला ‘छान दिसतंय’ असं का वाटतं? कारण बंपरपुढचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता उजळून निघतो. पण डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि त्यापलीकडचा अंधार त्याला आणखी गडद वाटतो. जवळ लख्ख, लांब काहीच नाही. फोकस खाली केला की हा दोष वाढतो. हिशोब साधा आहे: दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल आणि झोत १ टक्का खाली असेल (म्हणजे दर १०० मीटरला १ मीटर उतरत असेल), तर त्याची कड ६५ मीटरवर जमिनीला टेकते. तोच अडीच टक्के खाली केला तर २६ मीटरवर. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. भानावर यायला एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला एकूण ५५ ते ६० मीटर लागतात. म्हणजे तो ‘खाली केलेला’ फोकस तुम्हाला दाखवतो तेव्हा उशीर झालेला असतो.

कंपनीकडून झेनॉन घेऊन येणाऱ्या गाड्यांत मग हे का होत नाही? १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजला पहिल्यांदा झेनॉन लो बीम आला, तेव्हापासून अशा गाड्यांचा दिवाच त्या कमानीसाठी आखलेला असतो. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीनुसार लो बीमचा उगम २,००० ल्युमेनच्या वर असला की फोकस आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे द्यावे लागत आले. डिकीत सामान टाकलं की झोत वर जातो आणि काचेवरच्या चिखलाने प्रकाश फुटतो, म्हणून. बाजारातल्या किटमध्ये यातलं काहीच नसतं. एलईडी बल्बची गोष्टही हीच आहे. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बना रस्त्यावर परवानगी आहे, पण ती बल्बला एकट्याला नसते. कोणत्या गाडीच्या कोणत्या दिव्यात चालेल याची यादी असते. मान्यता जोडीला असते, बल्ब आणि दिवा मिळून.

तुमच्या दिव्याची जात काचेवरच लिहिलेली असते. पुष्कळ गाड्यांच्या काचेवर गोलात ई अक्षर आणि शेजारी एच, सी, आर ही अक्षरं दिसतील: हॅलोजन, लो, अप्पर. झेनॉनसाठी बनवलेल्या दिव्यावर एच च्या जागी डी असतं.

मग करायचं काय

माझं मत स्पष्ट आहे. एच४ च्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन किट ठेवू नका. काढा आणि आधी मूळ दुखणं शोधा, कारण ‘कंपनीचा लाईट मिणमिणता आहे’ या तक्रारीचं मूळ बल्बपेक्षा वायरिंगमध्ये जास्त वेळा सापडतं.

इंजिन चालू ठेवून, लो बीम लावून, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ आले, तर १० टक्के गळती. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक वायरींतून, काळवंडलेल्या अर्थिंगमधून फिरत आलेला करंट वाटेतच दमतो. इलाज म्हणजे रिलेवालं हार्नेस, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच (रिले) असलेली वेगळी वायरिंग. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट बल्बपर्यंत, आणि जुनी वायर फक्त रिले ओढायला. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा: लो आणि अप्परला वेगळे रिले, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि अर्थिंग जोडताना खालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

मग काच बघा. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी, धुरकट होते आणि आतला चांगला झोतही पसरवते. पाण्याच्या पॉलिश पेपरने आधी ८००, मग १,५००, मग २,००० नंबर असं घासून वर यूव्ही क्लिअर कोट मारला तर काच वर्षानुवर्षं टिकते. नुसतं घासून पॉलिश केलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा उडाला असेल तर मात्र दिवा बदलण्याला पर्याय नाही.

यानंतर चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच हॅलोजन बल्ब टाका. काचेला बोट लावू नका, त्वचेच्या तेलाने तिथे काच जास्त तापते. दुकानात १००/९० वॅटचे बल्ब सर्रास पुढे करतात. त्यांचं फिलामेंट जागेवर असतं हे खरं, पण उष्णता मूळ होल्डर आणि रिफ्लेक्टरला झेपत नाही. होल्डर वितळलेले मी बरेच पाहिलेत.

एवढं करून बघा. हे करणाऱ्यांपैकी बहुतेकांना झेनॉनची गरजच उरत नाही.

झेनॉनच हवा असेल तर प्रोजेक्टर

प्रोजेक्टरमध्ये भिंग असतं आणि बल्ब व भिंगाच्या मध्ये पत्र्याचा पडदा. रेघ पडदा काढतो, त्यामुळे ती सुरीने कापल्यासारखी स्वच्छ येते. अप्पर लावला की पडदा खाली पडतो. झेनॉनसाठीच बनवलेला प्रोजेक्टर आणि त्यात त्याच्याच जातीचा बल्ब, ही जोडी बरोबर आहे. तरीही तीन ठिकाणी लोक फसतात.

सगळ्यात मोठी फसवणूक बाजूची. जुन्या बाजारात परदेशी गाड्यांचे काढलेले प्रोजेक्टर मिळतात. ज्या देशांत उजवीकडून गाडी चालवतात तिथल्या प्रोजेक्टरची रेघ उजवीकडे वर चढते, म्हणजे आपल्याकडे सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. हा दोष कुठल्याही स्क्रूने जात नाही. एक तर पडदा बदलायचा, नाहीतर तो प्रोजेक्टर घ्यायचाच नाही. जपान आणि ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तिथला माल चालतो. पूर्ण दिवा घेत असाल तर खूण काचेवर असते: फक्त डावीकडच्या वाहतुकीसाठीच्या दिव्यावर, तुम्ही दिव्याकडे तोंड करून उभे असताना, उजवीकडे टोक असलेला आडवा बाण असतो.

दुसरी गोष्ट, प्रोजेक्टर फिरून बसणं. मागचा नट पक्का होताना प्रोजेक्टर थोडा फिरतो आणि भिंतीवरची सपाट रेघ एका बाजूला कलते. दिवा बंद करून सील लावण्याआधी गाडीवर धरून भिंतीवर बघितलंच पाहिजे. हे न बघता सील करणाऱ्याकडे काम देऊ नका.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. प्रोजेक्टर बसवायला दिवा गरम करून उघडावा लागतो. परत बंद करताना जुन्या सीलवरच भागवलं किंवा हवेची छिद्रं बुजवली तर कोकणात पहिल्याच जूनमध्ये आत वाफ धरते. काचेवरच्या थेंबाथेंबातून प्रकाश फुटतो आणि डिपर पुन्हा सुरू. अशा वेळी लोक फोकस तपासतात आणि काच तपासत नाहीत.

लुकलुक, एकच दिवा लागणं, रंग बदलणं

हे फोकस सेट करण्याआधी मिटवून घ्या, कारण बल्ब बदलला की चित्र पुन्हा थोडं हलतं.

ट्यूबलाईटमध्ये चोक जे करतो ते इथे बॅलास्ट करतो. पेटताना तो २० हजार व्होल्टच्या वर धक्का देतो आणि नंतर ८५ व्होल्टच्या आसपास कमान जळत ठेवतो. त्यामुळे लाईट चालू असताना त्या वायरींना हात लावायचा नाही, इन्सुलेशन उघडं पडलं असेल तर नुसती टेप गुंडाळून भागवायचं नाही.

एकच दिवा लागत नसेल तर सगळं बंद करून डाव्या-उजव्या बल्बची अदलाबदल करा. दोष बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब, तिथेच राहिला तर मग बॅलास्टची अदलाबदल. तरीही तिथेच, तर वायरिंग किंवा अर्थिंग. सुरू होताना बॅलास्ट नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढतो. मूळ बारीक वायरवर जोडलेलं किट त्यामुळे लुकलुकतं किंवा फ्यूज उडवतं. रिले हार्नेसने हे जातं. नव्या गाड्यांत संगणक दिव्याला करंट तुकड्या-तुकड्याने देतो, तिथेही लुकलुक होते.

अप्पर लावल्यावर झेनॉन विझून परत पेटतो, ही एच४ वाल्यांची खास तक्रार. एच४ च्या मूळ वायरिंगमध्ये अप्पर लागला की लो बीमचा करंट तुटतो, म्हणून बॅलास्ट बंद पडतो. हार्नेस असं हवं की लो किंवा अप्पर, काहीही लावलं तरी बॅलास्टचा करंट चालू राहील. झेनॉनला पूर्ण तेजावर यायला काही सेकंद लागतात, म्हणून वारंवार बंद-चालू त्याला मानवत नाही.

बल्ब गुलाबी किंवा जांभळट झाला म्हणजे त्याचं आयुष्य संपत आलं. दोन्ही एकदम बदला, नाहीतर दोन डोळे दोन रंगांचे. रंग निवडताना ४,३०० केल्व्हिन घ्या. ८,००० चे निळे बल्ब दिसायला भारी वाटतात, पण रस्त्यावर प्रकाश कमी टाकतात, आणि ओल्या डांबरावर तो कमीपणा फार जाणवतो. ५५ वॅटच्या किटच्या नादी लागू नका.

आता फोकस

रेघ स्वच्छ आहे, दोन्ही दिवे स्थिर जळतात. आता स्क्रू.

टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. डिकी रिकामी, टाकी निम्म्याच्या वर, ड्रायव्हरच्या जागेवर माणूस बसलेला. डॅशबोर्डवर लाईट खाली-वर करायचं ० ते ३ चं चाक असेल तर ते शून्यावर. गाडी पुढच्या आणि मागच्या बंपरवर दाबून एकदा हलवा म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसेल.

जागेचा प्रश्न खरा असतो. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब मागून आणा. पुढच्या आणि मागच्या चाकांखालची जमीन एका पातळीत आहे ना हे तिनेच बघा, आणि दिव्याच्या मध्याची उंचीही तिनेच भिंतीवर न्या. लेझरपेक्षा हे स्वस्त आणि तितकंच पक्कं.

दिव्यापासून भिंत १० मीटरवर ठेवा. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची आडवी रेघ टेपने चिकटवा, आणि प्रत्येक दिव्याच्या बरोबर समोर एक उभी रेघ. आता आडव्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी रेघ. हा १ टक्का झाला. तुमच्या दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर १.०, १.२ किंवा १.३ टक्के असा आकडा छापलेला असेल तर तोच पाळा, म्हणजे १० मीटरवर तितकेच १०, १२ किंवा १३ सेंटीमीटर. १० मीटर जागा नसेल तर ५ मीटरवर हे अंतर निम्मं, पण तिथे झालेली चूक रस्त्यावर मोठी होऊन दिसते.

एक दिवा झाकून दुसरा सेट करा. सपाट उजवी रेघ खालच्या टेपवर, आणि कोपर उभ्या टेपवर. डावीकडचा चढ वरच्या टेपच्या वर गेला तरी चालतो, तो तसाच असायचा. मग दुसरा दिवा. दोन्ही मिळून बघून सेट करू नका. एकाची चूक दुसऱ्याच्या उजेडात लपते. एच४ मध्ये आणि पडदेवाल्या प्रोजेक्टरमध्ये लो बीम बसला की अप्पर आपोआप बसतो.

सेटिंग टिकत नसेल तर

वारंवार फोकस बिघडण्याची कारणं दिव्याच्या बाहेरही असतात, आणि माझ्या बघण्यात सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे गाडीची मागची बाजू. लहान गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.४ मीटर अंतर असतं. मागची बाजू पुढच्यापेक्षा २ सेंटीमीटर जास्त बसली तर झोत ०.८ टक्के वर जातो, म्हणजे तुमचा १ टक्का जवळजवळ संपलाच. डिकीत सीएनजीची टाकी बसवल्यावर फोकस पुन्हा सेट केला का, हे कोणी विचारत नाही. मागच्या स्प्रिंग थकल्या असतील तर तेच. आणि गणपतीला गावी निघालेल्या गाडीत पाच माणसं, बॅगा, वर टोपलीभर सामान असलं की मागची बाजू ५ सेंटीमीटरही बसते. झोत आता खाली नसून वर बघतोय, आणि रस्ता मुंबई-गोव्याचा, रात्रीचा. डॅशबोर्डवरचं चाक यासाठीच आहे. भरलेल्या गाडीत ते २ किंवा ३ वर करा, रिकामी झाली की परत शून्यावर.

त्याखेरीज दिव्याच्या मागचा प्लॅस्टिकचा गोळी-सॉकेटचा सांधा बघा. छोट्याशा धडकेत तो तुटतो, दिवा बाहेरून धड दिसतो, पण हाताने हलवला तर डुलतो. बल्ब स्प्रिंग क्लिपमध्ये पूर्ण बसलाय का तेही बघा. किटच्या जाड बुडामुळे क्लिप अर्धवट लागते आणि खड्ड्यागणिक बल्ब सरकतो.

कायद्याचंही लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार, गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

भिंतीवरचं काम झालं की मित्राला त्याच्या गाडीत तुमच्यासमोर सपाट रस्त्यावर ५० मीटरवर, पलीकडच्या लेनमध्ये उभं करा आणि मग जागा बदलून स्वतः तिथे जाऊन बसा. स्वच्छ रेघेच्या प्रोजेक्टरचा एक गुण समजून घ्या: गाडी खड्ड्यातून उसळली किंवा चढाच्या माथ्यावर आली की रेघ क्षणभर समोरच्याच्या डोळ्यांवरून जाते आणि त्याला तुम्ही डिपर मारला असं वाटतं. तोही एकदा मारेल. त्याला फोकसचा दोष समजू नका. सपाट रस्त्यावर, डिकी रिकामी असताना, एकामागून एक गाड्या डिपर मारत असतील तर मात्र परत भिंतीपाशी या आणि पहिल्यांदा रेघ बघा, स्क्रू नंतर.